सिस्टरांचा व्हेल आणि शेजारच्या मुलीची ओढणी




केरळमधल्या कोचीच्या शाळेचं प्रकरण ऑक्टोबर २०२५ मध्ये पेपरात आलं, तेव्हापासून रविवारच्या मिस्सानंतर आपल्या मंडळींत तोच विषय निघतो. बहुतेकांचं मत एकच : "शाळा आपली आहे, नियम आपला आहे. पटत नसेल तर दुसरीकडे जावं." बोलणं मग हळूच सरकतं आणि "त्या लोकांच्या मुली" इथवर येऊन थांबतं. मी चौतीस वर्षं पॅरिशच्या शाळेत शिकवलं. वर्गातल्या बाकांवर "त्या लोकांच्या" मुली रोज माझ्यासमोर बसायच्या. म्हणून चार शब्द लिहिते.

आधी प्रकरण काय ते पाहू. कोचीच्या पल्लुरुथी भागातली सेंट रीटाज पब्लिक स्कूल ही सिस्टर चालवतात ती शाळा. आठवीतली एक मुलगी डोक्याला हिजाब बांधून आली. गणवेशात तो बसत नाही असं शाळेने सांगितलं. वाद चिघळला, शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली. शिक्षणमंत्र्यांनी मुलीला वर्गात बसू द्या म्हटलं, शाळा उच्च न्यायालयात गेली, राजकारणी मंडळी दोन्ही बाजूंनी धावली. शेवटी वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घालायचं ठरवलं. नियम राहिला, मुलगी गेली.

शाळेची बाजू मला समजते. गणवेश हा गरीब-श्रीमंत भेद झाकायला असतो, आणि एकाला सूट दिली की दुसरा मागतोच, हे मी शिक्षिका म्हणून भोगलं आहे. पण टीव्हीवर त्या शाळेच्या प्राचार्या सिस्टर बोलत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर व्हेल होता, हे साऱ्या देशाने पाहिलं. आपण म्हणू, सिस्टरांचा व्हेल हे व्रत आहे, सज्ञान बाईने समजून-उमजून घेतलेलं. खरं आहे. पण आठवीतल्या मुलीला एवढा बारीक फरक कसा समजावणार? तिला एवढंच दिसतं, की टीचरचं डोकं झाकलेलं चालतं, माझं चालत नाही.

आणि आपण २०१५ विसरलो. त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला कडक ड्रेस कोड लावला गेला. हिजाबची परवानगी मागणारा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला. एक दिवस डोकं झाकलं नाही म्हणून श्रद्धा नाहीशी होत नाही, अशा अर्थाचं कोर्ट बोललं आणि दाद मिळाली नाही. तेव्हा आपल्यातल्या कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिरुवनंतपुरमच्या परीक्षाकेंद्रावर आपल्याच एका तरुण सिस्टरला व्हेल आणि गळ्यातला क्रूस काढायला सांगितलं. तिने नकार दिला आणि परीक्षा न देता परत गेली. तेव्हा मात्र आपल्याला फार लागलं. शेजारणीच्या दारात ठेवलेला दगड आपल्याच पायाला लागला होता.

आता मुंबईचं पाहा. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, टोपी, बॅज यांना बंदी केली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. लगेच कॉलेजची दुसरी नोटीस निघाली : फाटक्या जीन्स, टी-शर्ट, अंगप्रदर्शन करणारे कपडेही नकोत. म्हणजे एकाच मुलीला एकाच फाटकावर सांगितलं गेलं, की तू फार झाकतेस आणि तू फार उघडतेस. पुढे ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाबबंदीला स्थगिती दिली. उद्या टिळा-टिकली लावायलाही बंदी करणार का, असं विचारलं. चेहरा झाकून वर्गात बसता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. मला हा तोल बरा वाटला. शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसला पाहिजे. केस दिसण्याची काही गरज नसते.

हे झालं कोर्टाचं. घरातलं कसं असतं ते आमच्या बऱ्हाणपुरात पाहिलंय. बऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताजमहल आठवते, १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथे गेली. आज तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुली नर्सिंग करतात, बी.एस्सी. करतात, स्कूटी चालवतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. ईदला आली की माझ्याकडे इच्छापूरला येते, डबाभर शीरखुर्मा घेऊन. एकदा मी तिला चेष्टेने म्हटलं, "काय गं, पुण्यात जीन्स आणि इथे ओढणी?" ती हसली नाही. म्हणाली, "टीचर, भुसावळला गाडी बदलते, तिथेच मीही बदलते. त्याचं मला काही वाटत नाही, अम्मीला बरं वाटतं. पण पुण्यात खोली बघायला जाते. बोलणं छान होतं, भाडं ठरतं. मग नाव विचारतात. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. नाव कुठल्या स्टेशनवर बदलू?"

मला उत्तर सुचलं नाही.

अशा मुलींच्या मागे काय काय लागतं ते आपल्याला माहीत नसतं. जुलै २०२१ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२२ ला, मुस्लीम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकून त्यांचा "लिलाव" मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. बुरख्यातल्या होत्या तशा बिनबुरख्याच्याही. लिलाव करणाऱ्यांनी कपडे पाहिले नाहीत, नावं पाहिली. पहिल्या प्रकरणातला एक आरोपी आमच्या मध्य प्रदेशातल्या इंदूरलाच पकडला गेला. शिकलेला तरुण होता.

याचा अर्थ घरातली बंधनं खोटी आहेत असं नाही. आमच्या शेजारच्या जळगावात १९८२ च्या सुमारास मुस्लीम पंचायतीने बायकांना सिनेमागृहात जायला बंदी केली होती. तिच्याविरुद्ध रझिया पटेल आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या राहिल्या. जळगावच्याच मुली, बाहेरून कुणी आल्या नव्हत्या. त्याआधी १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लीम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चाने गेल्या होत्या. फक्त सात! पण तिथून सुरू झालेली वाट २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत गेली.

आणि इंदूरच्या शाहबानो. उतारवयात नवऱ्याने टाकलेली बाई. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी दिली, मध्य प्रदेश हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मग देशभर गदारोळ झाला. एका बाजूला तिच्या समाजातले पुढारी खवळले, दुसऱ्या बाजूला ज्यांना तिच्या पोटाशी काही देणंघेणं नव्हतं तेही तिचं नाव घेऊन तिच्या धर्माला शिव्या घालू लागले. अखेर त्या म्हातारीनेच आपल्याला हा निकाल नको म्हणून जाहीर केलं.

मला या साऱ्यात मुख्य मुद्दा हाच दिसतो. बाहेरून दगड येऊ लागले की घरातली मुलगी गप्प बसते. तिला भावाबद्दल तक्रार असते, काझीबद्दल असते, लग्नाच्या घाईबद्दल असते. पण ती बोलली की बाहेरचा म्हणतो, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" आणि घरातला म्हणतो, "बघ, तू शत्रूच्या हातात कोलीत दिलंस." म्हणून बाहेरच्या द्वेषाने तिची बेडी सुटत नाही, उलट घट्ट होते. घरातल्या कर्मठाला बाहेरचा द्वेष फार सोयीचा असतो.

आपणही फार ऐट मारू नये. मुस्लीम बाईला नवऱ्याच्या क्रूरतेवरून घटस्फोट मागण्याचा हक्क १९३९ च्या कायद्याने मिळाला. ख्रिस्ती बाईसाठी १८६९ चा कायदा होता. नवऱ्याला नुसता व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला व्यभिचार आणि वर क्रूरता किंवा त्याग असं दुहेरी सिद्ध करावं लागे. तो कायदा बदलायला २००१ साल उजाडलं. (चर्चची विवाहाबद्दलची शिकवण वेगळी, मी सरकारी कायद्याचं बोलते.) वडिलांच्या मिळकतीत समान वाटा मिळावा म्हणून केरळच्या मेरी रॉय यांना १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टातून निकाल आणावा लागला, तोही आपल्याच ख्रिस्ती समाजाचा रोष पत्करून. आणि चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे हा नियम आपल्याकडेही होताच. माझी आई पदर घेतल्याशिवाय देवळाची पायरी चढली नाही. माझ्या डोक्यावरचा पदर कधी गेला ते मलाही आठवत नाही. कुणी फाटकावर उभं राहून ओढला नव्हता एवढं नक्की.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तपासणी होती म्हणून मी एका मुलीला सगळ्या वर्गासमोर डोक्यावरची ओढणी काढायला लावली. तिने काढली, घडी करून दप्तरात ठेवली. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. कारण कदाचित दुसरंच असेल, मुली तेव्हा सातवी-आठवीनंतर तशाही घरी बसत. पण मी तिच्या घरी जाऊन विचारलं नाही. दहा मिनिटांचं अंतर होतं.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं, की मदरशात शिकणारी मुस्लीम मुलं चार टक्क्यांच्या आसपासच आहेत, आणि पालक शिक्षणाच्या विरोधात नसतात. गरिबी आणि जवळ चांगली शाळा नसणं ही अडचण असते. मुली पुढे कुठवर जातात ते यवतमाळच्या रिक्षाचालकाची लेक अदीबा अनम हिने दाखवलं. यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेत ती देशात १४२ वी आली. आपल्या शाळा अशा मुलीच्या वाटेतलं फाटक व्हायच्या की पायरी, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

करायला फार काही लागत नाही. गणवेशाच्याच रंगाची, चेहरा मोकळा ठेवणारी ओढणी चालेल असं एक वाक्य नियमावलीत घालावं. मग नियमही राहतो आणि मुलगीही. वाद झालाच तर मुलीला वर्गात बसवून पालकांशी बोलावं, बाहेर उभं करून नव्हे. आणि एखादी मुलगी उलट सांगत आली, की टीचर मला डोकं झाकायचं नाही पण घरचे सक्ती करतात, तर तिचंही तितकंच ऐकावं आणि गावभर करू नये.

जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर आपल्या दोन सिस्टरांना अटक झाली. सोबतच्या तरुण मुलींनी नंतर सांगितलं की त्या आपल्या मर्जीने, नोकरीसाठी निघाल्या होत्या. तरी सिस्टरांना जामीन मिळेपर्यंत आठवडा तुरुंगात गेला. त्या मुली स्वतः ठरवू शकतात, यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. तेव्हा आपण रस्त्यावर आलो, मेणबत्त्या लावल्या. योग्यच केलं. पण हाच विश्वास आपण शेजारच्या घरातल्या मुलीवर ठेवतो का?

मुसलमानांकडे आदराने पाहा, असं आपल्या चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात सांगितलं. त्याला साठ वर्षं झाली. कुराणात नावाने उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे आपली मरियामाता. आणि आपल्या प्रत्येक देवळातल्या मूर्तीत तिचं डोकं झाकलेलंच आहे.

पुढच्या ईदला माझी विद्यार्थिनी येईल. खोली मिळाली का, हे मी तिला आधी विचारणार आहे. ओढणीचं ती बघून घेईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इच्छापूर, जि. बऱ्हाणपूर (म. प्र.)