चौथीच्या वर्गात थ्रीडी प्रिंटर : अडचण नेमकी कुठे?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅबची घोषणा झाली. या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो, पण योजना सहावी ते बारावीसाठी. मग चौथीच्या मुलांचं काय?

खरी अडचण वेळेची आहे. प्रिंटर प्लास्टिकची तार साधारण २०० अंश सेल्सिअसला वितळवून थरावर थर रचतो. छोट्या वस्तूलाही तासभर सहज जातो. म्हणजे ४० मुलांना एकेक वस्तू द्यायची तर ४० तास! शिवाय गरम नोझलजवळ लहान हात नकोतच.

म्हणून सगळ्यांना किचेन वाटण्यापेक्षा पाच-सहा जणांचा गट करा. मोफत टिंकरकॅडवर गटाला एकच वस्तू बनवू द्या आणि जवळच्या लॅबमधून छापून आणा. माप चुकलं? दुरुस्त करून पुन्हा छापा. शिकणं त्या दुरुस्तीतच आहे.