खताच्या पिशवीवरचा १९ आणि पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

तिसगावच्या कृषी सेवा केंद्रात ‘१९:१९:१९’ मागितले की दुकानदार जास्त काही विचारत नाही. ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखे. शेतकऱ्याला हे पाठ असते. त्याच घरातल्या दहावीच्या मुलाला विचारा, पालाश म्हणजे पोटॅशिअम, त्याचा अणुअंक किती? योगायोगाने तोही १९. इलेक्ट्रॉन संरूपण? २, ८, ८, १. हेही पाठ.

आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात असे आपण शिकलो, मग पोटॅशिअमचे इलेक्ट्रॉन २, ८, ९ असे का नाही बसत? उत्तर बहुधा एकच येते: ‘बाहेरच्या कवचात आठपेक्षा जास्त चालत नाहीत.’ हा झाला नियम. कारण कुठे आहे?

कारण असे, की कवच ही एकच मोठी खोली नसते. तिच्यात उपकवचे असतात. ‘एस’मध्ये २, ‘पी’मध्ये ६, ‘डी’मध्ये १० आणि ‘एफ’मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या कवचात फक्त एस, दुसऱ्यात एस आणि पी, तिसऱ्यात डीसुद्धा, चौथ्यात चारही. म्हणून २, ८, १८, ३२. इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेची जागा आधी धरतो. तिसऱ्या कवचाचे एस आणि पी भरले की एकूण १८ होतात, तो आर्गॉन. एकोणिसाव्यासमोर दोन जागा असतात: तिसऱ्याचे डी किंवा चौथ्याचे एस. चौथ्याच्या एसमधला इलेक्ट्रॉन काही वेळ केंद्रकाच्या अगदी जवळ जाऊन येतो, त्यामुळे त्याच्यावर ओढ जास्त पडते आणि ऊर्जा कमी होते. म्हणून एकोणिसावा तिथे जातो. विसावाही तिथेच, तो कॅल्शिअम. मग एकविसाव्या स्कँडिअमपासून मागे राहिलेले डी भरू लागते.

आता मोबाइलवर आवर्तसारणी उघडून रकाने मोजा. डावीकडे २, उजवीकडे ६, मध्ये १०, आणि खाली वेगळ्या काढलेल्या ओळींत १४-१४. ओळींची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज ११८, म्हणजे आज माहीत असलेली सगळी मूलद्रव्ये. सारणीचा तो वेडावाकडा आकार कुणी हौसेने काढलेला नाही. अर्थात मेंडेलीव्हला १८६९ मध्ये यातले काहीच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा. अणुवस्तुमान आणि गुणधर्म पाहून त्याने मांडणी केली आणि रिकाम्या घरांना संस्कृतातला ‘एक’ जोडून नावे दिली. ‘एक-ॲल्युमिनिअम’ १८७५ मध्ये सापडले, ते गॅलिअम.

याचा शेतीशी संबंध काय, असे कुणी विचारील. चोपण जमिनीत जिप्सम का टाकतात? तिथे मातीच्या कणांना सोडिअम चिकटलेला असतो. सोडिअम २, ८, १. एक इलेक्ट्रॉन देतो, त्याच्यावर एकच धनप्रभार येतो. जिप्सममधला कॅल्शिअम दोन देतो. दुप्पट प्रभाराचा कॅल्शिअम मातीला घट्ट धरतो, सोडिअमला हुसकावतो, आणि निचरा चांगला असेल तर तो पाण्याबरोबर निघून जातो. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले, तेव्हा २०२३ मध्ये बरीच ओरड झाली. ते अकरावीत आहेच, असे उत्तर मिळाले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ते प्रकरण आहे, ही चांगली गोष्ट. माझी तक्रार वेगळी आहे. त्यात एस, पी, डी, एफ खंडांची नावे येतात, पण ती नावे का पडली हे समजायला अकरावी विज्ञान गाठावे लागते. कला, वाणिज्य किंवा आयटीआयला गेलेल्या मुलामुलींना ते कधीच कळत नाही. त्यांच्यापुरती सारणी म्हणजे पाठांतराची एक यादी.

शिक्षक म्हणतील, पोर्शन संपत नाही, आणि यातून गोंधळ वाढेल. क्रोमिअम आणि तांब्यापाशी क्रम थोडा मोडतो, हे खरे. हेलिअमकडे दोनच इलेक्ट्रॉन, तरी तो मॅग्नेशिअमच्या रांगेत न बसता निऑनच्या वर बसतो, कारण त्याचे एकुलते एक कवच भरलेले आहे. ही कोडी मुलांना आवडतात, असा माझा अंदाज आहे. पुंज यांत्रिकी शिकवा असे कुणी म्हणत नाही. एक तास पुरे. वहीच्या मागच्या पानावर पोटॅशिअमपासून एकेक इलेक्ट्रॉन वाढवत न्यायचा आणि डीचे दहा भरले की थांबायचे. तिथे तिसावे मूलद्रव्य येते, जस्त. तेही त्याच दुकानात मिळते, झिंक सल्फेटच्या पिशवीत.