नकाशा आपल्याही हातात हवा

आमच्याकडे सध्या उत्तर युरोपात गाडीने फिरायचा बेत शिजतोय. पुरुषमंडळी देश मोजतात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आठ दिवसांत तीन! शेंगेन व्हिसा एकच, २००० साली खुला झालेला ओरेसुंड पूल ओलांडला की कोपनहेगनहून थेट माल्मो. सगळं खरं. पण नॉर्वेतले रस्ते वळणांचे, वाटेत फेरीबोटी. तिथे घाई चालत नाही. शिवाय हॉटेलं महाग, म्हणून स्वयंपाकघरासकट लाकडी घरं घ्यायची. म्हणजे दिवसभर प्रवास अन् रात्री कुकर कोण लावणार? आपणच ना! मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे, एक देश कमी करा आणि स्वयंपाकाच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवा. डोंगरात शिरलेल्या खाडीकाठची, उन्हाळ्यात मावळता न मावळणारी संध्याकाळ ओट्यापाशी घालवायला का जायचं इतक्या दूर?