विद्यालयाचा दारूखाना

‘दारू’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक दारू पेल्यात ओततात, दुसरी तोफेत ठासतात. जुन्या पेढीचे, गिरणीचे किंवा वाड्याचे मद्यगृह झाले की आपण हळहळतो ते पहिल्या अर्थाच्या दारूपायी. बीदरला एका विद्यालयाचा दारूखाना झाला तो दुसऱ्या अर्थाने. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना त्याचा परिणाम आजही दिसतो.

आपल्या घरांत बीदर ठाऊक असते ते दामाजीपंतांमुळे. दुष्काळात कोठार खुले करणारा मंगळवेढ्याचा अधिकारी आणि बेदरच्या बादशहापुढे थैली रिती करणारा विठू, ही कथा न ऐकलेले मराठी घर विरळाच. त्याच बहामनी राजधानीत इराणातील गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला महमूद गवान पुढे वजीर झाला. खेळणा आणि गोवा घेणारा मुत्सद्दी म्हणून इतिहास त्याला ओळखतो; पण १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा ही त्याची अधिक मोठी कामगिरी, असे मला वाटते. सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद, तीन मजल्यांची ही इमारत. दर्शनी बाजूस रंगीत कौलांची नक्षी आणि दोन टोकांना सुमारे १३१ फुटांचे दोन मिनार. पुढे बनावट पत्राच्या आधारे राजद्रोहाचा आळ घेऊन सुलतानाने १४८१ मध्ये या वजिराचा शिरच्छेद करविला. वजीर गेला, वास्तू राहिली.

१६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने बीदर जिंकले. वेढ्यात मोगलांचा एक अग्निबाण बुरुजामागच्या दारूवर पडून भयंकर स्फोट झाला; किल्लेदार सिद्दी मरजान भाजून मरणोन्मुख झाला आणि त्याने मुलांकरवी किल्ल्या धाडल्या. दारूचा साठा काय करू शकतो हे विजेत्यांनी असे स्वतः पाहिले होते. तरी नव्या अमलात मदरशाच्या खोल्यांत घोडदळाची माणसे राहू लागली आणि मिनाराजवळच्या खोल्यांत दारू भरली गेली! १६९६ मध्ये त्यावर वीज कोसळली, असे सांगतात. स्फोटात आग्नेयेचा मिनार, प्रवेशद्वार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उडाला.

यात विद्येचा द्वेष शोधण्याचे कारण नाही. जाड भिंती, ओळीने खोल्या, मध्ये प्रशस्त चौक: अध्ययनाला जे सोयीचे तेच छावणीलाही सोयीचे. वास्तूंचे घात बहुधा असे सोयीपोटीच होतात. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात गिरणीच्या जागी कचेऱ्या, उपाहारगृहे, मद्यगृहे आली. गिरणगावाचे काय झाले, हा निराळा विषय आहे. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील गच्चीवर आग भडकून १४ माणसे प्राणास मुकली. तेव्हा जुन्या वास्तूत दारू मिळू लागली यापेक्षा तेथे माणसांना बाहेर पडायची वाट आहे की नाही, हे मी आधी विचारीन. मद्यगृह उद्या उठविता येते; उडालेला मिनार परत येत नाही.

वास्तूचा नवा उपयोग करूच नये, असे मात्र नव्हे. बीदरच्याच किल्ल्यातील शाही हमामखान्यात आज वस्तुसंग्रहालय आहे आणि त्या जुन्या भिंतींना त्याचा काही जाच होत नाही. मदरशाला मात्र तेवढेही काम उरलेले नाही. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघाले आणि या भागातील वास्तूंची निगा सुरू झाली. आता मदरसा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. सहलीची मुले चौकात येतात, रिकाम्या खोल्यांत आवाज घुमवून पाहतात. समोर उभे राहिले की उजव्या हाताला मिनार, त्यावर निळ्या कौलांचे उरलेसुरले तुकडे. डाव्या हाताला मिनाराच्या जागी आभाळ.