वहीच्या मागच्या पानावरून

दर सबमिशनच्या आदल्या रात्री मला लिहायला सुचतं. अर्थात सबमिशन सोडून बाकी सगळं! जर्नल सरळ धरलं तर ऑपॲम्पच्या आकृत्या आणि उलटं धरलं तर माझं लिखाण... मेसची भाजी, बाथरूमची रांग, घरून आलेला डबा रूमवर किती मिनिटं टिकतो, वगैरे वगैरे. फर्स्ट इयरपासून अशा चार वह्या भरल्यात. आणि गेले सहा महिने मेसच्या टेबलावर एकच टुमणं चालू आहे, "अगं, आम्हालाच काय वाचून दाखवतेस? चारचौघांसाठी लिही की!"

लिहू की नको? ऐकायला सोपा प्रश्न. पण खरं सांगते, केटीच्या भीतीनेसुद्धा माझ्या इतक्या रात्री खाल्ल्या नसतील.

पहिली अडचण माझी मराठी. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ग्राउंडवर मराठी बोललं की नाव मॉनिटरच्या यादीत जायचं. त्यामुळे आजही अडुसष्ट आणि एकोणसत्तर ऐकलं की मी आधी मनात सिक्स्टीएट, सिक्स्टीनाइन करून घेते. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. या लेखातल्या वेलांट्या संपादकांनी दुरुस्त केल्या असतील, त्यांचे आधीच आभार!

मग इंग्रजीत लिही, असं कोणीही म्हणेल. मी करून पाहिलं. आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या मावशी पहाटे दार वाजवून म्हणतात, "काय गं बाई, रातभर लाइट चालूच? डोळे जातील ना!" हे मी इंग्रजीत लिहिलं. व्याकरणात एक चूक नाही. पण वाचलं तर मावशी गायब आणि त्यांच्या जागी रेक्टर मॅडमची नोटीस! शाळेने मला इंग्रजी उत्तम दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या मावशी त्या भाषेत राहत नाहीत, त्याला मी काय करू?

आपण इंजिनीअर, तेव्हा मराठीचा हिशोबही मांडून पाहू. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजीचं एक अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीचं ३. आणि 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, मिळून ९ बाइट! तरीही युनिकोडचे उपकारच मानायला हवेत. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. बाबांनी मात्र आजोबांची पत्रं एका जुन्याच फाँटमध्ये टाइप करून ठेवली होती. आज ती फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. आजोबा नाहीत, मूळ कागद नाहीत आणि तो फाँटही नाही.

दुसरी अडचण इथूनच सुरू होते. लिहिलेलं टिकतं का? याहूने २००९ मध्ये जिओसिटीजला कुलूप लावलं, जपान तेवढं वगळलं. गूगलने २०१४ मध्ये ऑर्कुट बंद केलं. लोकांनी हौसेने सजवलेली पानं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मैत्रिणींची भांडणं, बरंच काही त्याबरोबर गेलं. आणि उलट बाजूने, रागाच्या भरात लिहिलेली एक ओळ दोन मिनिटांत काढून टाकली तरी कोणाच्या तरी फोनमध्ये तिचा स्क्रीनशॉट असतोच. म्हणजे जे टिकावं असं वाटतं ते जातं आणि जे जावं असं वाटतं ते टिकतं. तेव्हा कागदावर लिहायचं की नेटवर, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोन्हीकडे धोका आहेच.

खरी अडचण तिसरी आहे. ती मला ऑक्टोबरमध्ये कळली.

प्रॅक्टिकलला जाताना मी घाईत जर्नल बेडवर विसरले. रूममेटला एक रीडिंग हवं होतं म्हणून तिने ते उघडलं, पण उलट्या बाजूने. समोर तिच्याबद्दलच लिहिलेलं पान. रात्री साडेअकराला गच्चीच्या जिन्यात बसून ती घरच्यांशी फोनवर काय बोलली, नंतर तोंड धुऊन रूमवर आली आणि "सर्दी झालीये" म्हणाली, ते सगळं. मी ते पाण्याची बाटली भरायला जाताना ऐकलं होतं.

मी परत आले तेव्हा जर्नल टेबलावर सरळ बाजूने ठेवलेलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "लिहिलंयस छान. खरंही आहे. पण ते माझं आहे ना गं!" आणि थोड्या वेळाने, "आणि एका पानात तीनदा 'बिचारी' लिहिलंयस. मी बिचारी नाहीये."

चार दिवस आम्ही "दिवा बंद करू का?" एवढंच बोललो.

तेव्हा मी ठरवलं होतं, बास! यापुढे लिहायचं ते स्वतःपुरतं, नाहीतर नाहीच. पण नंतर तिचं दुसरं वाक्य डोक्यातून जाईना. मी दोन वर्षं वहीत लिहीत होते आणि 'बिचारी' हा शब्द मला एकदाही खटकला नव्हता. कसा खटकणार? वाचणारी मीच. कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकतो ना आपण, ओपन लूप! आउटपुट काय येतंय ते कोणी तपासतच नाही. ज्या दिवशी दुसऱ्या माणसाने वाचलं त्याच दिवशी चूक सापडली. मी तिच्याबद्दल लिहीत नव्हतेच, माझ्या दयेबद्दल लिहीत होते.

शाळेत ॲन फ्रँकची डायरी आम्ही इंग्रजीतून वाचली होती. मागच्या महिन्यात ती पुन्हा काढली. मार्च १९४४ मध्ये डच मंत्र्यांचं रेडिओवरचं भाषण तिने ऐकलं. युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करायला हवीत, असं ते म्हणाले. त्यानंतर या चौदा वर्षांच्या मुलीने आपलीच डायरी पुन्हा लिहायला घेतली. काही भाग गाळला, काही नव्याने लिहिला आणि सोबत लपलेल्या माणसांसाठी बदललेल्या नावांची यादी केली. म्हणजे स्वतःसाठी लिहिलेलं आणि लोकांसाठी लिहिलेलं यातला फरक तिला कळला होता. ते पुस्तक १९४७ मध्ये आलं तेव्हा ती या जगात नव्हती.

आणि आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. 'स्मृतिचित्रे'मध्ये नवऱ्याचा विक्षिप्तपणा किती मोकळेपणाने सांगितलाय! पण रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले आणि पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. "हे छापू का?" असं त्यांना विचारायची सोयच नव्हती. तरी वाचताना टिळक कुठे बिचारे वाटत नाहीत. उलट लेखिका स्वतःची फजिती आधी सांगते, मग त्यांची. मला वाटतं, परवानगी मागता येत नसेल तिथे निदान एवढं तरी करता यायला हवं.

आता कोणी म्हणेल, एवढा विचार करून कोण लिहितं? आणि वीस वर्षांच्या मुलीकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? तर बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' सुरू केलं तेव्हा तेही विशीच्या आसपासचेच होते. आणि 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापत. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना याहून मोठा दिलासा कुठला? अर्थात कुठे बाळशास्त्री आणि कुठे मी! पण वय आणि दोन भाषा ही दोन कारणं तरी माझ्या यादीतून गेली.

म्हणून माझा निर्णय झालाय. लिहायचं. मराठीत, स्वतःच्या नावाने. टोपणनाव घेतलं की मला दुसऱ्याबद्दल काहीही लिहायचं धाडस येतं, हे मी मनात करून पाहिलंय. ते धाडस काही बरं नाही.

वह्या मात्र आता दोन असतील. एक माझी, जिच्यात मी हवी तितकी रडेन, भांडेन, चुकीचंही वागेन. ती कोणाला दाखवायची नाही आणि जर्नलच्या मागे तर मुळीच लिहायची नाही! दुसरी लोकांसाठी. तिच्यात ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं. तो नाही म्हणाला तर पान फाडायचं, वाद घालायचा नाही. आणि रागात लिहिलेलं आठवडाभर तसंच ठेवून मग पुन्हा वाचायचं.

हा लेख त्या दुसऱ्या वहीचं पहिलं पान. तो मी रूममेटला वाचून दाखवला. जिन्यातल्या फोनबद्दलची दोन वाक्यं तिने पेनने खोडली, ती इथे नाहीत. 'बिचारी' हा शब्द मात्र राहू दे म्हणाली. "लोकांना कळू दे तू काय लिहिलं होतंस ते!"

तुमच्यापैकी कितीजणांच्या जर्नलच्या मागे असंच काहीतरी असेल, मला खात्री आहे. सगळ्यांनी छापायलाच हवं असं नाही. पण एकदा, निदान एका माणसाला वाचून दाखवा. कोणाला दाखवायचं कळत नसेल तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच.

आणि हो, मावशींबद्दल एक पूर्ण लेख तयार आहे. पण तो अजून मावशींना वाचून दाखवायचाय. रविवारी त्यांना सुट्टी असते, तेव्हा सोमवारी बघू काय म्हणतात ते.