थंडीवर आळ घेऊ नका

हिमयुग म्हटले की सायबेरियाचा बर्फ आणि केसाळ मॅमथ आठवतात, आणि 'आपल्याकडे कुठले आलेय हिमयुग?' असे म्हणून विषय मिटवला जातो. लासूर स्टेशनच्या माणसाने तरी असे म्हणू नये. इथली शिवना नदी ज्या गोदावरीला मिळते, तिच्याच गाळात, वर नांदूर मध्यमेश्वरला, एका महाकाय हत्तीची कवटी निघाली. भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी 1905 साली तिच्यावर लिहिले. आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी थोराड असा हा प्राणी. पुढे नेवाशाला, प्रवरेच्या काठी, पुरातत्त्वज्ञ सांकलियांना प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. नर्मदेत तर पाणघोडेही होते.

ही जनावरे थंडीने मेली, हे दुसरे घट्ट बसलेले मत. दख्खनवर बर्फ कधी साचलाच नव्हता. हिमकाळात इथे पावसाळा क्षीण होई, नद्या रोडावत. पण असे कोरडे काळ लाखो वर्षांत पुन्हापुन्हा आले आणि हे प्राणी त्यांतून तगले. मग शेवटच्याच खेपेला काय वेगळे घडले? जीवाश्म-अभ्यासक अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली उपखंडातील पुरावा तपासला. महाकाय हत्ती, हत्तीसारखाच स्टेगोडॉन, पाणघोडा आणि रानघोडा असे चार प्राणी गेले. ऱ्हास सुमारे 30,000 वर्षांपूर्वी, आधुनिक माणूस इथे आल्यानंतर सुरू झाला. हवामानाच्या उलथापालथीशी त्याचा मेळ बसत नाही.

यावर आक्षेप येतो: मूठभर शिकारी एवढे हत्ती कसे संपवतील? कळपच्या कळप मारायची गरजच नव्हती. आजच्या हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे 22 महिन्यांचा, पिल्लू बहुधा एकच, पुढचे काही वर्षांनी. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीला दरवर्षी थोडी जास्तीची शिकारही पिढ्यानपिढ्या पोखरत नेते. हाडाशेजारी हत्यार सापडले म्हणजे शिकार सिद्ध झाली, असे मात्र मी म्हणणार नाही. पुराचे पाणी दोन्ही एकत्र आणून टाकते. माझी भिस्त काळाच्या जुळणीवर आहे.

ती जुळणी थरावरून कळते. चुन्याने घट्ट झालेल्या खडीत रुतलेले हाड जागेवर असेल तरच त्याचा काळ नीट ठरवता येतो; वाळूच्या ट्रॅक्टरमधून आलेले हाड जवळजवळ मुके असते. म्हणून शिवना-गोदाकाठच्या मंडळींना विनंती: असे काही दिसले तर तिथला उपसा थांबवा, हाड उचलू नका, जागेसकट फोटो काढा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.