जल्लादाचा विनोद : हेरपटांतील चटकदार उक्तींविषयी एक आक्षेप

लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास हा आता समीक्षेच्या दारातला उपरा राहिलेला नाही, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. एके काळी ज्या संहितांना 'रंजनप्रधान' या एका शब्दात निकालात काढले जाई, त्यांच्या रचनेचा गंभीरपणे विचार होऊ लागला. उम्बेर्तो एको यांनी १९६५ साली इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांची कथनरचना द्वंद्वांच्या आणि ठरावीक खेळींच्या रूपात उलगडून दाखविली; टोनी बेनेट आणि जॅनेट वुलॅकॉट यांनी १९८७ साली जेम्स बाँड हे काळानुसार अर्थ पालटणारे एक फिरते चिन्ह कसे आहे याची मांडणी केली. परंतु अशा अभ्यासांच्या सावलीत एक नवी सोयही वाढली आहे. आस्वाद आणि समर्थन यांतील भेद पुसून टाकण्याची ही सोय होय. तिचे ठळक उदाहरण म्हणजे हेरपटांतील स्मरणात राहणाऱ्या चटकदार उक्तींविषयीचे विवेचन. नायक माणूस मारतो आणि लगेच एक कोटी करतो. या कोटीला कोणी उपरोध म्हणतो, कोणी आत्मविडंबन, तर कोणी हिंसेची विरचना. या तीनही संज्ञा येथे गैरलागू आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'चटकदार संवाद' या एकाच सदराखाली दोन भिन्न वाग्व्यवहार कोंबले जातात. पहिला व्यवहार संवादचातुर्याचा. अर्नेस्ट लेमन यांनी लिहिलेला आणि आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) हा त्याचा आदर्श मानता येईल. त्यातील थॉर्नहिल हा जाहिरातव्यवसायातला माणूस. चुकून हेर समजला गेलेला आणि सर्वस्वी निःशस्त्र. शिकागोच्या लिलावगृहात मारेकऱ्यांनी वाटा रोखल्यावर तो भलत्यासलत्या बोली बोलून सभेचा विचका करतो आणि पोलिसांकरवी स्वतःला पकडवून घेऊन जीव वाचवितो. येथे वाक्चातुर्य हे दुर्बळाचे हत्यार आहे. 'गोल्डफिंगर' (१९६४) या चित्रपटातही असा एक प्रसंग आहे. लेझरच्या टेबलावर जखडलेला बाँड विचारतो, मी बोलावे अशी तुमची अपेक्षा आहे काय? खलनायक उत्तरतो, नाही, तुम्ही मरावे एवढीच अपेक्षा आहे. प्रश्नात गृहीत धरलेली सारी सौदेबाजी एका वाक्यात उडवून लावणारे हे उत्तर चित्रपटातील सर्वांत संस्मरणीय वाक्य ठरले, आणि ते नायकाचे नाही. बाँड त्या टेबलावरून सुटतो तोही शब्दांच्याच बळावर, एका गुप्त योजनेचे नाव ठाऊक असल्याचा आव आणून. बोलणारे दोघेही जिवंत आहेत आणि शब्दाला प्रत्युत्तर संभवते, ही या व्यवहाराची अट आहे.

दुसरा व्यवहार नेमका ही अट मोडतो. त्याला आपण 'मरणोत्तर कोटी' म्हणू. 'गोल्डफिंगर'च्याच आरंभी बाँड एका हल्लेखोराला पाण्याने भरलेल्या टबात ढकलतो, त्यात विजेचे उपकरण टाकून त्याला ठार करतो आणि दाराशी थांबून 'शॉक' या शब्दावर श्लेष करतो. 'थंडरबॉल'मध्ये (१९६५) भाल्याने झाडाला खिळलेल्या माणसाकडे पाहून 'पॉइंट' या शब्दावर, म्हणजे टोक आणि मुद्दा या दोन अर्थांवर, कोटी होते. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये (१९६९) बर्फ उडविणाऱ्या यंत्रात चिरडल्या गेलेल्या माणसाविषयी 'गट्स' या शब्दावर, म्हणजे आतडी आणि धैर्य यांवर. या कोट्यांची घडण एकच आहे. इंग्रजीतील जे वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झाले, ज्यांतील रूपक केव्हाच मेले, ते रूपक या प्रसंगांत पुन्हा शब्दशः जिवंत केले जाते. पण ते जिवंत करण्यासाठी एक माणूस खर्ची पडतो. प्रेत हे येथे विनोदाचा विषय नसून त्याची पूर्वअट आहे. मनुष्य मेला म्हणून कोटी सुचली, असे दिसत नाही. कोटी हवी होती म्हणून त्याचा मृत्यू त्या विशिष्ट प्रकारे योजला, असे दिसते.

कोटी या प्रकाराविषयी मराठी वाचकाला नव्याने काही सांगावे असे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांच्या परंपरेने शाब्दिक विनोदाचे वैभव आणि त्याचा अतिरेक हे दोन्ही आपल्याला पुरेपूर दाखविले आहेत. परंतु कोटीला प्रतिकोटी संभवते, हे त्या परंपरेत गृहीत होते. ज्याच्यावर कोटी झाली त्याला उलटून बोलण्याचा अधिकार होता. किंबहुना तो उलटून बोलेल या अपेक्षेतच खेळाची गंमत होती. मरणोत्तर कोटीत हा अधिकारच काढून घेतलेला असतो.

ही कोटी मुळात फ्लेमिंगची नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 'गोल्डफिंगर' ही कादंबरी (१९५९) मायामीच्या विमानतळावर मद्याचा पेला समोर घेऊन बसलेल्या बाँडच्या चिंतनाने सुरू होते. त्याने नुकताच मेक्सिकोत एक मारेकरी ठार केला आहे. त्या माणसाला नाव होते, पत्ता होता, आणि क्षणात त्या देहात कोणीच उरले नाही, हा विचार त्याचा पिच्छा सोडत नाही. फ्लेमिंगचे हे पान फार थोर आहे असा दावा करण्याचे कारण नाही. वर्णद्वेष आणि स्त्रीद्वेष यांनी त्या कादंबऱ्या ग्रासलेल्याच आहेत. पण तेथे मृत्यू ही घटना मारणाऱ्याच्या मनात शिल्लक राहते. चित्रपटाने हेच द्रव्य उचलले आणि चिंतनाच्या जागी श्लेष बसविला. माध्यमांतरात बरेच काही गळते हे मान्य. येथे मात्र जे गळले ते नेमके माणूसपण होते.

या कोटीचे समर्थन करताना फ्रॉइडची साक्ष काढली जाते. ती उलटतपासणीत टिकत नाही. फ्रॉइडने १९२७ सालच्या विनोदविषयक निबंधात फाशीकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याचे उदाहरण घेतले आहे. तो कैदी आठवड्याच्या आरंभाविषयी थट्टा करतो. वास्तवाने चिरडला जात असतानाही अहं आपले अजिंक्यत्व पुकारतो, म्हणून त्या थट्टेत फ्रॉइडला उदात्तता दिसली. परंतु ही थट्टा फाशी जाणाऱ्याची आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या मरणाविषयी आहे. तीच थट्टा दोर ओढणाऱ्याने केली तर तिच्यातील उदात्तता शिल्लक राहील काय? बाँडचा विनोद हा जल्लादाचा विनोद आहे. फ्रॉइडच्याच १९०५ च्या ग्रंथातील विवेचन येथे अधिक उपयोगी पडते. आक्रमक विनोदाला तीन व्यक्ती लागतात : करणारा, ज्यावर होतो तो, आणि हसून त्यात सामील होणारा तिसरा. बाँडपटांत दुसरा मेलेला असतो आणि तिसरा पुष्कळदा पडद्यावर नसतोच. ती रिकामी जागा प्रेक्षागृहातील प्रेक्षकाने भरावयाची असते. आपले हसू हीच त्या हत्येची पोचपावती होते.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हाच मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. भरताने रसांचा परस्परसंबंध सांगताना रौद्राच्या कर्मातून करुण उद्भवतो असे म्हटले आहे. हे केवळ वर्गीकरण नव्हे. त्यात एक नैतिक जाण आहे. क्रोधाच्या कृतीला परिणाम असतो आणि तो परिणाम शोकरूप असतो. मरणोत्तर कोटी ही रौद्र आणि करुण यांच्यामधला हा मार्ग अडविते. प्रेक्षकाचे चित्त करुणाकडे वळण्यास जो एक क्षण लागतो, तोच क्षण ती हास्याने व्यापून टाकते. भरताच्या योजनेत हास्य शृंगारातून येते. येथे ते रौद्राच्या पोटी जन्मते आणि करुणाची जागा बळकावते. याला रससंकर म्हणण्यापेक्षा रसाची चोरी म्हणणे उचित ठरेल.

यावर जो प्रमुख प्रतिवाद केला जातो, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हा सारा खेळ कृतक आहे, हे प्रेक्षक जाणतो. कोटी हीच त्या कृतकतेची खूण आहे. ती प्रेक्षकाला कथेपासून अलिप्त करते, म्हणून ती हिंसेला गंभीरपणे घेण्यापासून परावृत्त करते, असा हा प्रतिवाद. परंतु उपरोध म्हणावयाचा तर त्याची धार कोठवर जाते हे तपासले पाहिजे. बाँडपटांतील उपरोध सर्वत्र पोहोचतो आणि एका जागी अचूक थांबतो. स्त्रिया, परदेशी माणसे, यंत्रे, मद्य, स्वतः नायकाची ऐट, हे सारे थट्टेचे विषय होतात. मारण्याचा परवाना देणारी राज्यसंस्था मात्र कधीच होत नाही. 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) नायकाची वरिष्ठ त्याला शीतयुद्धाचा अवशेष म्हणून हिणवते, आणि मारलेल्या माणसांच्या किंकाळ्या मद्याने शांत होतात काय, असे त्याचा जुना सहकारी त्याला विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. पण तो खलनायकाच्या तोंडी घातला आहे, आणि खलनायकाच्या अंताबरोबर त्याचाही निकाल लागतो. टीका आधीच गिळून टाकून निर्धास्त होणे ही आत्मविडंबनाची नव्हे, सत्तेची रीत आहे.

प्रतिवादाचे निर्णायक खंडन मात्र त्या चित्रपटमालिकेतच सापडते. 'थंडरबॉल'मध्ये नृत्य चालू असता फियोना ही शत्रुपक्षाची स्त्री बाँडवर झाडलेल्या गोळीने मरते. बाँड तिचे प्रेत एका टेबलापाशी खुर्चीवर बसवितो आणि तेथील लोकांना सांगतो की, हिला जरा बसू द्या, ही अगदी मेली आहे. ऐकणारे समजतात, दमली आहे. चार वर्षांनी 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या अखेरीस बाँडची नवविवाहित पत्नी ट्रेसी मोटारीत गोळी लागून मरते. पोलीस येतो, आणि बाँड त्याला सांगतो की, ती विश्रांती घेत आहे, घाई नाही. दोन्ही ठिकाणी मृत स्त्री, दोन्ही ठिकाणी एक अनोळखी श्रोता, दोन्ही ठिकाणी मरण झाकणारी दमल्या-विसावल्याची भाषा. रचना एकच, पहिल्या ठिकाणी हशा, दुसऱ्या ठिकाणी भ्रमिष्ट शोक. दोन्ही पटकथांत रिचर्ड मेबॉम यांचा हात आहे, आणि दुसऱ्याचे दिग्दर्शक पीटर हंट हे पहिल्याच्या संकलनाचे प्रमुख होते. हे साम्य हेतुपूर्वक साधले की आपसूक आले, हा प्रश्न गौण आहे. संहितेने स्वतःविरुद्ध दिलेली ही साक्ष आहे. सारेच कृतक असते तर ट्रेसीच्या मरणावरही कोटी झाली असती. ती झाली नाही; कारण मरणे कोणाचे शोकास पात्र आणि कोणाचे हास्यास, याची एक यादी या चित्रपटांपाशी आहे. कोटी ही त्या यादीची भाषा आहे.

हेरपटाला दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता असेही म्हणता येत नाही. 'गोल्डफिंगर'च्या पटकथाकारांपैकी एक, पॉल डेन, हे कवी होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटनच्या गुप्त कारवायांच्या संघटनेत काम केले होते. त्यांनीच गाय ट्रॉस्पर यांच्याबरोबर ल कारेच्या कादंबरीवरून 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६५) या चित्रपटाची पटकथा लिहिली. त्याच्या शेवटी लीमस बर्लिनच्या भिंतीवर चढलेला असतो; मागे पडलेल्या स्त्रीचे प्रेत पाहून तो सुरक्षित बाजूला उडी न टाकता पुन्हा खाली उतरतो आणि मारला जातो. त्या उतरण्यावर एकही शब्द खर्चिलेला नाही. एकाच लेखकाने सुमारे वर्षभराच्या अंतराने शब्दाचा तो वापर आणि हे मौन दोन्ही साधले. तेव्हा प्रश्न प्रतिभेचा नव्हता. काय विकावयाचे आहे, याचा होता.

मालिकेच्या अलीकडच्या 'वास्तववादी' वळणाने ही रीत टाकली, असे मानले जाते. 'कॅसिनो रॉयल'चा (२००६) आरंभच या समजाला छेद देतो. दुसरी हत्या पहिलीपेक्षा सोपी असते, असे काही सांगू पाहणाऱ्या माणसाला बाँड वाक्याच्या मध्यावर गोळी घालतो आणि ते वाक्य स्वतः पुरे करतो. मृताचे विधेय मारेकऱ्याने हिसकावून घेण्याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण. 'नो टाइम टू डाय'मध्ये (२०२१) बाँड एका शत्रूच्या डोक्याच्या स्फोटावर कोटी करतो. त्याच चित्रपटाच्या अखेरीस तो स्वतः मरतो, तेव्हा कोटी होत नाही. फ्रॉइडच्या कैद्याचे धैर्य त्याला अखेरपर्यंत साधले नाही.

एवढा खटाटोप परक्या भाषेतील करमणुकीसाठी कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वृत्तपत्रांत चकमकीत मारल्या गेलेल्यांना 'कंठस्नान घातले' जाते, 'यमसदनी धाडले' जाते. ज्याच्यावर खटला चालला नाही, ज्याचे नावही कधी कधी निश्चित झालेले नसते, त्याच्या मरणाची बातमी आपण एका आलंकारिक क्रियापदात वाचतो आणि पान उलटतो. तेथे हशा नाही, एवढाच फरक. मेलेले रूपक आणि मेलेला माणूस यांची सांगड घालून प्रश्न मिटविण्याची युक्ती तीच आहे. वाक्प्रचार कोठे थांबतो आणि देह कोठे सुरू होतो, हे दाखविणे समीक्षेचे काम आहे. ते सोडून ती टाळ्यांच्या वाक्यांची यादी करीत बसली, तर जल्लादाच्या विनोदाला तिसरी व्यक्ती पुरविण्यापलीकडे तिने काहीच केले नाही, असे म्हणावे लागेल.